बारा कुस्त्या आणि एक टकला

बातमीदाराचा प्लॅस्टरमधला पाय उशीवर होता आणि मांडीवर बारा रकान्यांचा कागद. वादळ विरुद्ध बुलडोझर ही व्यावसायिक कुस्ती दर वर्षी व्हायची. गेल्या बारा वर्षांच्या कुस्त्या बघून त्यांना दहापैकी गुण द्यायचे होते. संपादकांनी बजावलं होतं, "संध्याकाळी पाच वाजेपर्यंत गुण आले नाहीत, तर क्रीडापान दुसऱ्याला!" त्या पानासाठी गड्याने सात वर्षं चपला झिजवल्या होत्या.

आयोजकांनी बारा सीडी पाठवल्या होत्या. त्या लावायला आत्या बसली, कारण घरात दोन पायांवर उभं राहणारं माणूस तेवढंच.

"आत्या, पुढची लाव गं."

आत्या सीडी काढायची, फडक्याने पुसायची, लावायची. पहिल्या कुस्तीला सात गुण मिळाले. चौथीपर्यंत पोटात कावळे कोकलायला लागले. 'जीव नाही. दोन.' जेवण झाल्यावर पाचवीत भलताच रंग दिसला, नऊ! सातवीला प्लॅस्टरच्या आत खाज सुटली. तिला अर्धा.

"आत्या, हा बुलडोझर दर वर्षी तिसऱ्या मिनिटालाच कसा आडवा होतो?"

"सवय असते एकेकाला. तुझे काका दोनच्या ठोक्याला व्हायचे."

"आणि हा पहिल्या रांगेतला टकला? तीच खुर्ची, तोच पिवळा शर्ट. वादळाने उडी मारली की चष्मा पाडतो. बाराही वर्षं!"

"जपून वापरत असेल बिचारा शर्ट."

बातमीदार चक्रावला, मग गहिवरला. 'बारा वर्षांचा निष्ठावंत प्रेक्षक' अशी चौकटही त्याने लिहून टाकली.

दुसऱ्या दिवशी संपादक फोनवर छापून आलेल्या त्या चौकटीचं कौतुक करत असतानाच बुलडोझर दारातून आत आला. घर दोन बोटं खचलं असं शेजारी सांगतात. मी तीन म्हणेन.

"साहेब, सातव्या वर्षी अर्धा गुण? माझी आई पेपर वाचते हो!"

बातमीदाराने फोन तसाच उशीवर टाकला आणि सातवी सीडी शोधली. वेष्टन शाबूत! आठवीचंही. अकराच्या अकरा कोऱ्या करकरीत.

"आत्या!"

"ओरडतोस काय? नव्या वस्तू उगाच कशाला फोडायच्या? एक उघडली होती की. माणसं तीच, कुस्ती तीच. पुसून लावत होते दर वेळी."

 बुलडोझर खाली बसला आणि हळूच म्हणाला, "आत्या बरोबर बोलतात. आम्हाला कुस्ती एकच येते. बारा वर्षं तीच करतोय, डाव न् डाव. म्हणून तर विचारतो साहेब, सातव्या वर्षी नेमकं चुकलं काय?"

बातमीदाराचा हात प्लॅस्टरकडे गेला. बोलली ती उशी.

"एकाच गोष्टीचे बारा निकाल!" फोनमधून संपादक गरजले. "आणि लोकांना बाराही पटले! क्रीडापान ठेव खाली. उद्यापासून राशिभविष्य तू लिहायचंस."

सात वर्षांच्या चपला बातमीदाराच्या डोळ्यांपुढून गेल्या.  बुलडोझर पुढे सरकला.

"साहेब, आईची रास कन्या आहे. या आठवड्यात तेवढं लिहा... मुलगा नाव काढेल."