न्यूट्रल काही लागेना

दिग्विजयला यवतमाळहून पुण्यात येऊन चार महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्याच्याशी आपुलकीने बोलला तो फक्त ऑफिसच्या लिफ्टमधला आवाज. हिंजवडीत शेजारच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा त्याला मेसेज टाकायचा. सदाशिव पेठेतले खोलीमालक बोलायचे, पण दारावर कागद चिकटवून. "कोणी ओळखीचं झालं का रे?" आई फोनवर विचारायची. "हो," म्हणून तो विषय बदलायचा.

अशात त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली. तिला सगळं यायचं, फक्त न्यूट्रल येत नव्हतं. पहिल्याच दिवशी पेठेतल्या सिग्नलला त्याने पाय दुखेपर्यंत गिअर दाबला. पहिला, दुसरा, परत पहिला. शेवटी, लागलं असेल एकदाचं, असं समजून त्याने क्लच सोडला. गाडीने टुणकन उडी मारली आणि पुढच्या स्कूटरला जाऊन धडकली.

स्कूटरवरच्या बाईंनी सावकाश मान वळवली. "घाई असेल तर डोक्यावरून जा की!"

"न्यूट्रलच नाही लागून राहिलं न, काकू!"

झालं! कोणाचं तरी चुकतंय म्हटल्यावर पुणेकर गप्प कसा बसणार?

"दुसऱ्यातून अर्धाच दाबा," रिक्षावाला म्हणाला.

"केबल ढिली असणार," दूधवाल्याने निकाल दिला.

"अहो, थांबायच्या आधीच न्यूट्रल करायचं," काकू म्हणाल्या. "थांबल्यावर शोधून काय मिळणार आहे?"

सिग्नल सुटला तेव्हा दिग्विजयला चक्क वाईट वाटलं.

मग तो रोज त्याच वेळी तिथे येऊ लागला. काकूही असायच्याच. नारायण पेठेतल्या कुसुमताई.

"काय म्हणतंय तुमचं न्यूट्रल?"

"नाही न, काकू."

"आणि उपाशीच निघालात ना? चेहऱ्यावर दिसतंय."

एवढं बोलणं त्याला दिवसभर पुरायचं. पण ऑइल बदलायला गाडी दिली, तेव्हा मेकॅनिक रणजितने न सांगताच क्लचही दुरुस्त करून ठेवला. "आता न्यूट्रल बघा, लोण्यासारखं लागेल!" दिग्विजयचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला न्यूट्रल अलगद लागलं.

"आज काय म्हणतंय?" कुसुमताईंनी विचारलं.

"नाही न, काकू. लागूनच नाही राहिलं," हेल्मेटचा पट्टा आवळत तो म्हणाला.

कुसुमताईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "मग दोन्ही हात सोडून बसलात, तरी गाडी उडी कशी मारत नाही?"

दिग्विजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लागलं म्हटलं तर तुम्ही उद्यापासून विचारणार नाही न..."

सिग्नल सुटला. मागे हॉर्न वाजू लागले. कुसुमताई हलल्या नाहीत.

"मला तरी रोज सकाळी कुठे जायचं असतं हो?" त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या चौकातून वळते आणि घरीच जाते."

"ओ काकू, चला की!" मागून कोणीतरी ओरडलं.

"थांबा जरा!" कुसुमताई ठसक्यात म्हणाल्या. "न्यूट्रल लागत नाहीये."

त्यांच्या स्कूटरला गिअरच नव्हते.