आप्पांच्या रानात मेंढरं

आप्पा कादंबरीतल्या माणसांना शिव्या द्यायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत. त्यासाठी कादंबरी मोठ्यानं वाचावी लागायची, आणि ती वाचायचा मान माझा, म्हणजे शिक्रापूरच्या वाचनालयाच्या एकमेव नोकराचा. "मनात वाचलं की शिव्याबी मनातच ऱ्हात्यात, भाऊसाहेब. मग त्यात काय मजा?" हे आप्पांचं वाङ्मयीन धोरण होतं.

रोज संध्याकाळी हायवेवरचे ट्रक चुकवत, ट्रकवाल्यांचा उद्धार करत आप्पा यायचे आणि पंख्याखालची खुर्ची बळकवायचे. त्या हिवाळ्यात आमची एका इनामदाराची कादंबरी चालली होती. इनामदाराची मुलगी वेशीबाहेरच्या पोराशी लग्न करते आणि बाप तिला घरात घेत नाही. जावयाला पाणी देतो तेही वरून, ओंजळीत. या पानावर आप्पांनी चप्पल काढून माझ्यावर उगारली.

"आरं, भांडं दे की त्या पोराला! माणूस हाय का मुडदा?"

"आप्पा, मी नुसता वाचतोय."

"तुमाला न्हाई वो. त्या मुडद्याला!"

'माणूस हाय का मुडदा' हे त्यांचं पेटंट वाक्य. कंडक्टर, तलाठी, पंचायतीचे मेंबर, सगळ्यांना एकाच मापानं मिळायचं. फक्त आरशापुढं ते कधी म्हणाले नसावेत.

कारण गावात खराखुरा इनामदार कोणी असेल तर ते आप्पाच. त्यांची एकुलती एक मंगल सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला लागली आणि तिथल्याच दत्ताशी लग्न करून पाटसला गेली. दत्ता धनगराचा, आप्पा पाटील. "ज्यांची मेंढरं आमच्या रानात बसली, त्यांच्या घरात माझी पोरगी?" असं म्हणून आप्पांनी तिला घराचा उंबरा बंद केला. नात चालायला लागली तरी त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आप्पांच्या भाड्याच्या खोल्यांत बिहारी कामगार राहायचे, त्यांचाही नळ वेगळा ठेवलेला. भाडं मात्र सगळ्यांचं चालायचं.

पुढं कादंबरीत इनामदाराच्या मुलीला मूल होतं. ती ते घेऊन बापाच्या दारात येते, आणि बाप आतून कडी लावतो. मी वाचून थांबलो, शिवीसाठी जागा ठेवली. शिवी येईना. वर पाहिलं तर आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"आप्पा, शिवी राहिली."

"गप बसा," ते म्हणाले आणि टोपी उचलून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी मला धरून ते एसटीडी बूथवर घेऊन गेले. "पाटसला लावा. गेनबाला." गेनबा म्हणजे दत्ताचे वडील, नात्यानं आप्पांचे व्याही. आप्पा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे, त्यामुळं पलीकडचं बोलणं बूथभर ऐकू यायचं.

"गेनबा, रान मोकळं झालंय. मेंढरं बसवायला या."

मी कपाळाला हात लावला. पीक निघाल्यावर धनगर रानात रात्री मेंढरं बसवतो, रानाला खत मिळतं, शेतकरी त्याला धान्य देतो, ही जुनी रीत खरी. पण गेनबांनी मेंढरं विकून जमाना झाला होता. ते ऊस लावत होते. 'पोरीला घेऊन या' हे तीन शब्द आप्पांच्या घशातून निघत नव्हते, म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम.

पलीकडून आवाज आला, "बरं, पाटील. आनतो."

आणि त्यांनी खरंच आणली. टेम्पोतून! मेंढरं कुणा चुलतभावाची, उसनी. गेनबांनी ट्रंकेतलं मुंडासं आणि घोंगडं बाहेर काढलं होतं, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. मेंढरं त्यांचं काही ऐकत नव्हती. मागून मोटारसायकलवर दत्ता, मंगल आणि तिच्या मांडीवर पोर.

आप्पा बांधावर उभे राहून फक्त मेंढरं तपासत होते. "ही लंगडी कशाला आनली? ह्या बोकडाला जेवायला घालता का न्हाई?" मंगलकडं नजर नाही. मला तर वाटलं, म्हातारा आता मेंढरांवरच वेळ काढतो आणि सगळ्यांना माघारी धाडतो.

गेनबा बांधाकडेला चुलीसाठी दगड मांडायला बसले.

"हे काय?" आप्पा कडाडले.

"रीत हाय की, पाटील. आमी रानातच जेवतो."

"रानात मेंढरं बसत्यात. तुमी काय मेंढरं हाय का? उठा!"

आप्पा तरातरा घराकडं निघाले, मागोमाग आम्ही सगळे. आत पाट मांडलेले, शेजारणीकडून करवून घेतलेल्या पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या, आणि कोनाड्यात जावयासाठी टॉवेल-टोपी. गेनबा आणि दत्ता आत गेले. मंगल मात्र पोरीला कडेवर घेऊन अंगणातच थांबली.

आप्पा परत बाहेर आले. त्यांना काहीतरी खणखणीत बोलायचं असावं, पण निघालं ते एवढंच.

"मंगल, आत ये गं. तुझी आय गेल्यापास्नं एकटाच जेवतोय मी. लई कटाळा आलाय."