नानांच्या मोटारीचा डावा आरसा

आमच्या शेजारच्या नाना भाव्यांच्या घरात औषधालासुद्धा आरसा नव्हता. दाढी करायला ते रोज सकाळी खांद्यावर पंचा आणि हातात साबणाची वाटी घेऊन आमच्या ओटीवर हजर होत. आरसा आमचा, गरम पाणी आमचं, आणि वर "तुमचा आरसा जरा डावीकडे कललाय हो" हा शेरा त्यांचा. असा हा माणूस एक दिवस मोटार घेतो काय, आणि तिला एक सोडून दोन आरसे बसवण्यात अख्खा हिवाळा घालवतो काय! आमच्या टेंभी नाक्यावरच्या लोकांनी हसायचं नाही तर काय करायचं? मीही हसलो. पोटभर हसलो.

घरात आरसा नव्हता तो आक्कांमुळे. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी त्यांचं कुंकू पुसलं गेलं आणि त्याच दिवशी त्यांनी आरसा सोडला. कुणी वांगं सोडतं, कुणी साखर सोडतं, आक्कांनी आरसा सोडला. ज्या कपाळाला काही लावायचं नाही ते बघून करायचंय काय, असा त्यांचा सरळ सवाल. पुढे आलवण नेसून त्या या घरात भावाकडे आल्या, आणि देवळापलीकडे कधी गेल्या नाहीत. नानांनी लग्नच केलं नाही.

पेन्शनीत निघाल्यावर नानांनी एकच ध्यास घेतला. दोघं भावंडं कल्याणला लहानाची मोठी झाली होती. आक्काला मोटारीत बसवून तिथल्या देवीला न्यायचं. मोटार घेतली ती एवढ्यासाठीच. आक्कांचं उत्तर मात्र ठरलेलं.

"मला मेलीला मोटार कशाला? लोक काय म्हणतील, दत्तू?"

दत्तू म्हणजे नाना. त्यांना या नावानं हाक मारणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

मोटार लढाईच्या आधीची, उघडी, कापडी टपाची. देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. तिला बाहेर आरसा म्हणून नव्हताच. "साहेबाला मागचं बघायची गरज काय?" नाना म्हणायचे, "मागचे आपोआप बाजूला व्हायचे. आता राज्य आपलं आलं, आपल्याला बघायला नको?"

नाना जन्मभर जमीनमोजणीच्या खात्यात. "कोन बघा, महाराज, कोन!" हे त्यांचं पालुपद. पंगतीत बसले तरी शेजाऱ्याचं पान सरळ करतील, देवळात गेले तर आधी खांब बघतील आणि मग देव. असल्या माणसाबरोबर आरसे खरेदीला जायची दुर्बुद्धी मला झाली.

मुंबईत जुन्या सामानाच्या गल्लीत आम्ही सकाळी शिरलो ते दिवे लागेपर्यंत तिथेच. गोल आरसे, चौकोनी आरसे, मोडक्या ट्रकांचे, मोटारसायकलींचे. नाना एकेक आरसा उचलायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "शेठ, जरा पीछे चलो. और पीछे. अब डावीकडे!" तो बिचारा गल्लीच्या टोकापर्यंत उलटा चालत जाऊन एका हातगाडीवर आपटला. तिथूनच ओरडला, "चाचा, आरसा लेना है के मेरेको लेना है?"

शेवटी दोन गोल आरसे पसंत पडले. पण त्यांच्या दांड्या गंजलेल्या. नानांना गंज चालणार होय? घरी आले, अडगळीतल्या दोन जुन्या समया काढल्या, वरचा भाग तांबटाकडून कापून घेतला आणि समईच्या पितळी दांड्यांवर आरसे चढवले. उजवा मडगार्डावर, डावा पुढच्या काचेच्या चौकटीला. दांड्या चिंचेनं घासून लखलखीत केल्या. आक्का आतून कडाडल्या, "अरे, देवापुढची समई आणि चाकावर?"

"मोडकी होती गं!"

"मोडली तरी समई ती समईच!"

आणि झालंही तसंच. मोटार दारात उभी राहिली की येणारीजाणारी दोन-चार भाविक माणसं मडगार्डाला हात लावून नमस्कार करायची. एका बाईनं फूलसुद्धा वाहिलं. बाकीच्यांना त्यात देव दिसला नाही, फुकटचा आरसा दिसला. कचेरीत निघालेले कारकून भांग पाडायचे. एका वरातीतल्या नवऱ्यामुलानं घोडा थांबवून मुंडावळ्या सारख्या केल्या, आणि मागचा बँड तोवर नानांच्या दारात वाजत राहिला. नाना पंचा नेसून बाहेर धावले. "कोन हलवलात! लग्न करा, पण कोन हलवू नका!" दाढी करायला दुसऱ्याच्या ओटीवर जाणाऱ्या माणसाच्या दारात आता सगळा नाका नटत होता.

माणसांचं एक वेळ ठीक, चिमण्या ऐकेनात. आरशातल्या चिमणीशी दिवसभर भांडण. तेव्हा आक्कांनी जुन्या धोतराच्या दोन टोपड्या शिवल्या, नाडी लावून. त्या चढवतानाही त्यांचं तोंड दुसरीकडे. चाचपून चाचपून नाडी बांधायच्या, पण आरशात डोकावतील तर शपथ.

मग चाचणी. बाळकुमच्या रस्त्याला मला शेजारी बसवून नाना निघाले. तो प्रवास आठवला की अजून पायात गोळे येतात. नानांची नजर जी उजव्या आरशात रुतली ती निघेचना.

"अहो नाना, पुढे बघा, म्हशी!"

"पुढचं तुम्ही बघा, महाराज. मला मागचं इतकं स्वच्छ दिसतंय, काय सांगू! बैलगाडी येतेय एक. जाऊ दे तिला."

आणि खरोखर गाडी थांबवून त्यांनी बैलगाडीला पुढे जाऊ दिलं. मग तिच्यामागून येणाऱ्या सायकलला. मग एका म्हाताऱ्या कोळणीला. ती टोपलीखालून बघत म्हणाली, "बंद परली काय रं गारी?"

परत येताना मी सहज डाव्या आरशाकडे बोट केलं. "नाना, हा चुकलाय. तुमच्या जागेवरून यात रस्ता दिसत नसणार." नानांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांचं कूळ काढलं. "मोजणीदाराचा कोन चुकत नसतो. हात लावायचा नाही त्याला!" पुढे दोन दिवस ते दाढीलासुद्धा आले नाहीत. म्हटलं, म्हातारा चळला.

इतकं होऊनही आक्का काही मोटारीत बसेनात. नाना रोज विचारत, त्या रोज नाही म्हणत. दरवेळी नानांचा चेहरा पडायचा, तो मला बघवेनासा झाला. शेवटी माझ्या आईनं डाव टाकला. सरळ आक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. "आक्का, मला कल्याणच्या देवीची ओटी भरायचीय. तुम्ही आलात तर मी जाणार, नाहीतर राहिलंच म्हणायचं." देवीच्या कामात मोडता कसा घालणार? आक्का कशाबशा हो म्हणाल्या.

सकाळी नाना इस्त्रीचा कोट घालून तयार. आई मागे उजवीकडे बसली. डावी जागा नानांनी स्वतः पुसली, वर घडी केलेली शाल अंथरली. "आक्का, तू इथे." आक्का अंग चोरून बसल्या, पदर पुढे ओढून. मी पुढे बसलो. मग नानांनी डाव्या आरशाची टोपडी सोडली आणि आपल्या जागेवर येऊन बसले.

मोटार काही सुरू करेनात.

मला वाटलं, विसरले. म्हणून मागे वळलो, तर आक्कांची नजर समोर त्या आरशावर गेलेली. आधी त्यांनी मान झटकन फिरवली. मग हळूहळू परत आणली. तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. तो आरसा रस्त्यासाठी नव्हताच कधी.

आक्कांनी पदर थोडा मागे सारला. गालाला हात लावला, हनुवटीला लावला. सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदा. आईनं त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता. रस्त्यानं माणसं जात होती, कुणी बघतंय का याचं आक्कांना भान नव्हतं.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "अरे, मी अगदी आईसारखी दिसायला लागले रे."

नानांनी मान वळवली नाही. नाक ओढलं, चष्मा पुसला.

"हो," ते म्हणाले. "मला रोजच दिसते ती." आणि मोटार सुरू केली.