विजेवाल्याला किती मार्क?

कृणाल, तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस आणि हसू तर अजिबात नकोस, कारण माणूस गेलाय. आमच्या मजल्यावरच्या प्रज्योतचे आजोबा. रामचंद्र आजोबा, दहिसरच्या आमच्या चाळीतले सगळ्यात जुने. काल त्यांचा दहावा होता, नदीवर. मी तिथे होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

तुला आधी एक गोष्ट माहीत पाहिजे. हे आजोबा आणि प्रज्योत, दोघंही सुपरहिरोच्या पिक्चरचे वेडे. तो विजेवाला आहे ना, ज्याच्या तळहातातून करंट निघतो, त्याचा पहिला भाग दोघांनी बोरिवलीला एकत्र बघितला, दुसराही एकत्र. पिक्चर सुटला की स्टेशनबाहेरच्या टपरीवर जायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. नियम असा, की दोघांचा आकडा एक झाल्याशिवाय चहाचा ग्लास खाली ठेवायचा नाही. प्रज्योत कायम वरून सुरू करायचा, आजोबा खालून. आजोबा गिरणीत होते ना, लूमवर तीस वर्षं, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष कपड्यावर. "पहिल्या भागात तेचो ड्रेस बरो होतो. दुसऱ्यात ह्या काय घातल्यान? पॉलिस्टर! तेच्यात करंट खेळवतोस तर पेटतलस मेल्या!" दुसऱ्या भागाला चार मार्क पडले ते फक्त त्या पॉलिस्टरमुळे. तोपर्यंत प्रज्योतचा चहा गार.

आता तिसरा भाग आला. दोघांची रविवारची तिकिटं काढलेली. आजोबांनी वचन घेतलं, "माझ्याशिवाय बघूचो नाय." प्रज्योत म्हणाला, "तुम्ही पण नाही हां." झालं. आणि शुक्रवारी सकाळी ह्याच्या ऑफिसातली पोरं पहिल्या शोला निघाली, आणि हा गेला. गेला रे! तीन तास बसला आणि वेडा होऊन बाहेर आला. म्हणाला, आठ मार्क, डोळे मिटून आठ. मग ठरवलं, रविवारी आजोबांसोबत पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करून बघायचं.

शनिवारी आजोबांना धाप लागली. ॲडमिट केलं. रविवारी प्रज्योत त्यांच्याजवळ बसलेला, तर आजोबांनी मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाले, "झिला, तो पिक्चर..." ह्याला वाटलं, पकडलं! हा घाईघाईने म्हणाला, "आजोबा, आपण एकत्रच बघणार, बोलू नका तुम्ही." आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. मान हलवली. पुढे काही बोललेच नाहीत. सोमवारी गेले.

आता तू विचार कर, दहा दिवस हा पोरगा कसा जगला असेल. कुणाला सांगणार? पिक्चर बघितला म्हणून रडतोय, असं?

तर काल नदीवर. पिंड मांडलेले, बाजूला आजोबांचं आवडतं मालवणी खाजं, एका कपात चहा. भटजींनी विधी केले, सगळे दहा पावलं मागे सरकले. कावळा आला. एकच आला, पण मोठा, मानेला राखाडी. समोरच्या भिंतीवर बसला, पिंडाकडे बघितलं, आणि चोच भिंतीला घासत बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. शिवेना.

प्रज्योतचे बाबा, जयवंतकाका, पुढे झाले. हात जोडले. "बाबा, गावचं घर विकणार नाय. शब्द." कावळा ढिम्म. "गणपती यंदा राजेशकडे बसवतो." ही मोठी गोष्ट होती बरं का, कारण त्या गणपतीवरून दोघा भावांत सात वर्षं बोलणं नव्हतं. राजेशकाकांच्या डोळ्यांत पाणी. कावळ्याने फक्त पंख झाडले.

मग राजेशकाका पुढे. "बाबा, तंबाखू सोडतो."

मागून त्यांच्या बायकोचा, प्रेमाकाकूंचा आवाज आला, "कधीपासून, तेही सांगा त्यांना."

"आजपासून!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" काकूंनी पदर डोळ्यांना लावून विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं. कावळ्यानेही ऐकलं. दोन उड्या मारून तो आणखी लांब जाऊन बसला.

भटजींनी मोबाईल बघितला. "जयवंतराव, कांदरपाड्याची माणसं थांबलीत माझ्यासाठी. दर्भाचा कावळा करू आणि शिवून घेऊ. चालतं शास्त्रात."

"नाय." जयवंतकाकांचा आवाज फाटला. "माझ्या बापासाठी गवताचा कावळा? त्यांचं काय राहिलंय ते कळलंच पाहिजे."

कुणालाच माहीत नव्हतं. मी प्रज्योतकडे बघितलं तर हा घामाने भिजलेला. आणि एकदम पुढे गेला रे, थेट भिंतीपर्यंत, आणि हात जोडून म्हणाला, "आजोबा, मी बघितला."

सगळ्यांच्या माना ह्याच्याकडे वळल्या.

"तिसरा भाग. शुक्रवारीच बघितला, तुम्हाला न सांगता. चुकलो. माफ करा."

आणि खरं सांगतो, कावळ्याने मान वाकडी केली. एका डोळ्याने ह्याच्याकडे बघितलं. जयवंतकाका कुजबुजले, "बोल, बोल, ऐकतायत ते. काय झालं पिक्चरमध्ये, सगळं सांग."

मग हा सुरू झाला. अशी स्टोरी कुणी अशा ठिकाणी कधी सांगितली नसेल. व्हिलन समुद्र गोठवतो, विजेवाल्याची आई जिवंत असते, इंटरव्हलला त्याचा करंट जातो. प्रेमाकाकू पदराआडून हुंदके देत विचारतायत, "आई जिवंत? मग दुसऱ्या भागात जाळली ती कोण?" प्रज्योत म्हणाला, "ती मावशी होती, काकू, जुळी." काकू म्हणाल्या, "अगं बाई." आता हा शेवटाकडे आला, पुलावरच्या मारामारीकडे, तर भटजींनी हात वर केला.

"शेवट हळू सांगा. पोरांना घेऊन रविवारी जाणार आहे मी."

म्हणून शेवट ह्याने भिंतीजवळ वाकून, कावळ्याला एकट्याला सांगितला. कावळा भिंतीवरून खाली उतरला. पिंडापासून हातभर लांब. आणि तिथेच थांबला.

"आता काय राहिलं?" राजेशकाकांनी मला विचारलं. मला काय माहीत?

पण प्रज्योतला कळलं. त्याचा चेहरा बदललेला मी बघितला. तो ताठ उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "आठ."

कावळा मागे सरकला.

"काय आठ?" जयवंतकाका.

"मार्क, बाबा. थांबा जरा." मग कावळ्याकडे वळून, "बरं, सात. इंटरव्हलनंतर खेचलाय, मान्य."

कावळा बघतोय.

"सहा."

"दे ना रे कमी, तुझ्या बापाचं काय जातंय?" राजेशकाका.

"असा कसा देऊ? काका, चांगला आहे पिक्चर!" प्रज्योत रडकुंडीला आला. "पाच! आजोबा, पाच घ्या, त्या पुलाच्या सीनला तरी पाच द्या!" कावळ्याने मान फिरवली. "चार." एक पाऊल पुढे. बाजूला एक म्हातारे गृहस्थ तोंडावर रुमाल दाबून गदागदा हलत होते. आजोबांचे गिरणीतले दोस्त, सहदेव आजोबा. मला वाटलं, किती रडतायत बिचारे.

प्रज्योतने डोळे मिटले. घसा खाकरला. "तीन," तो म्हणाला. "बंडल पिक्चर आहे, आजोबा. तुमचं काही राहिलं नाही."

टक्. पिंडात चोच. मग चहाच्या कपात चोच. सगळ्यांनी एकदम हात जोडले. जयवंतकाका प्रज्योतच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. राजेशकाका हळूच म्हणाले, "म्हणजे तंबाखूसाठी अडलं नव्हतं त्यांचं..." तर प्रेमाकाकू म्हणाल्या, "शब्द दिलाय तुम्ही. भटजी साक्षीला आहेत."

मला वाटलं, संपलं. पण प्रज्योतचं तोंड उतरलेलं. टपरीवर आम्ही दोघं बसलो तर म्हणतो, "आजोबांशी दुसऱ्यांदा खोटं बोललो यार, तेही ते गेल्यावर. पिक्चर आठचा आहे."

तेवढ्यात सहदेव आजोबा काठी टेकत आले आणि आमच्या बाकावर बसले. डोळे लाल, पण रडून नाही. "झिला," ते म्हणाले, "तुका एक सांगायचा हा. रामचंद्रान शपथ घातल्यान होती, म्हणान गप रवलंय. शुक्रवारी दुपारी आमी दोघा गोरेगावाक जावन तो पिक्चर बघून इलव."

प्रज्योतच्या हातात ग्लास तसाच.

"रामचंद्र पूर्ण वेळ तेच्या काळ्या ड्रेसाक गाळी घालत होतो. भायर इल्यार म्हणता, पोराक सांगा नको, हिरमुसतलो. रविवारी पयल्यांदा बघतंय असा तोंड करतलंय. आणि म्हणता, माझे तीन. तो आठ देतलो बघ. पण तेका तीनार आणल्याशिवाय मी सोडूचंय नाय."

कृणाल, म्हणजे हॉस्पिटलात मास्क बाजूला करून आजोबा काय सांगत होते, कळलं ना तुला? ते कबूल करत होते रे! आणि ह्याने त्यांना गप्प केलं.

शेवटी सहदेव आजोबांनी विचारलं, "आता खरा सांग. किती?"

"आठ," प्रज्योत म्हणाला. मग जरा थांबला. "ड्रेसचा एक कापतो. सात." आणि ग्लास हातातच धरून बसला. खाली ठेवेना.

आता पुढच्या महिन्यात आजोबांचं मासिक श्राद्ध आहे. पुन्हा पान मांडायचं, पुन्हा कावळा. प्रज्योत काल रात्रीपासून मला एकच विचारतोय, की तीनावर गप्प राहू, आजोबा जिंकले तर जिंकू दे, की उभं राहून सरळ सात सांगू, कारण भांडल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसणार. तू सांग ना, तू काय सांगितलं असतंस?