इंगोले सरांची दावण

सकाळच्या प्रार्थनेला आमच्या शाळेत सगळे डोळे मिटतात, इंगोले सर तेवढे उघडे ठेवतात. प्रार्थना संपली की ते रांगेतून फिरतात आणि बाजारात बैलाचे दात पाहावेत तसे पोरांचे डोळे पाहतात.

"कितीले सोडला मोबाइल?"

"दहाले, सर."

"डोये तं दोनचे दिसून राह्यले."

पोरगं खाली पाहतं. सरांचा अंदाज सहसा चुकत नाही.

मी अनसिंगच्या याच शाळेत मराठी शिकवते आणि सरांच्या शेजारीच राहते. पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असतो. पूर्वी मी खडू फेकून मारायचे, आता खांदा दुखतो. घरी माझी दहावीतली मुलगी पांघरुणात मोबाइल घेऊन जागायची. रागावून झालं, समजावून झालं, एकदा रडूनही झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

उपाय काढला तो सरांनी. बैल विकल्यापासून त्यांचा गोठा रिकामाच होता. त्यांनी दावणीच्या खुंट्यांना कापडी पिशव्या बांधल्या, प्रत्येकीवर गल्लीतल्या एकेका पोराचं नाव घातलं आणि फर्मान काढलं, "नऊ वाजले का आपापलं जनावर दावणीले. सकायी या अन् सोडून न्या."

आईबाप इतके वैतागलेले होते की पोरांना हाताला धरून आणू लागले. माझी मुलगीही तणतणत जाऊ लागली. एका पोट्ट्यानं घरातला कधीचा बंद पडलेला फोन आणून पिशवीत टाकला. सरांनी तो बाहेर काढून उलटासुलटा पाहिला.

"हे भाकड हाय बावा. दुभतं घरीच ठेवलं काय?"

पोट्टा मुकाट्यानं घरी जाऊन खरा फोन घेऊन आला.

महिनाभरात माझी मुलगी न उठवता उठू लागली. खरं सांगते, सरांचे पाय धरावेत असं मला वाटलं. एकच गोष्ट खटकायची. सरांचे स्वतःचे डोळे कायम लाल. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं, मॅडम."

घरात सर एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीला. अकरावीत असताना त्याला पहिला मोबाइल सरांनीच मोठ्या कौतुकानं घेऊन दिला. त्या दिवसापासून पोरगा रात्री झोपला नाही, असं सर सांगतात आणि पुढचं बोलणं टाळतात. फोन तर त्याचा दिवाळीलाच येतो.

परवा सकाळी मुलीचा मोबाइल आणायला मी गोठ्यात गेले, तर सर बाजेवर बसल्या बसल्या झोपलेले. मी हाक मारली. ते दचकले आणि आधी त्यांनी हातातला स्वतःचा मोबाइल उघडून पाहिला. वर मुलाचं नाव होतं, नावाखाली तो शेवटचा ऑनलाइन होता ती वेळ. बाकी सगळं कोरं. एकही निरोप नाही, ना बापाचा ना लेकाचा.

"सर, तुमचे डोये बी दोनचे दिसून राह्यले."

"तीनचे हायेत, मॅडम." ते कसनुसं हसले. "तो ऑनलाइन दिसते तोवर मले झोप लागत नाई. ते बंद झालं का समजतो, झोपला पोरगा. मंग मी पडतो."

"मंग सांगा नं त्याले, झोपत जाय म्हणून."

"सांगतलं तं तो ते दिसणंच बंद करीन. मंग मले काय समजन?"

मला फार वाईट वाटलं, आणि माझी मुलगी आत्ता घरात अंथरुणाच्या घड्या घालते आहे या विचारानं उगीच अपराधीही वाटलं.

"तुमी पडा सर. पयला तास माह्याकडे तुमचा."

सर आढेवेढे न घेता आडवे झाले. मोबाइल त्यांनी उशाशी ठेवला.

"काल बरा झोपला पण," ते डोळे मिटून म्हणाले. "रोज चार वाजतेत त्याले. काल तीनलेच झोपला."