दुबईहून धवला

"परदेशात फोनला पैसे लागतात ते अडाण्यांना! आपला एक रुपया जाणार नाय!"

ठाकुर्लीच्या नाक्यावर चहाचा ग्लास उंच धरून नाथा भोईरने हे जाहीर केलं, तेव्हा चहावाल्याने चूल बारीक केली. नाथा बोलू लागला की चहा आटतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. वडिलांच्या भातखाचरावर आता सात मजली इमारत उभी होती, तळमजल्याचे चार गाळे नाथाच्या नावावर होते, आणि पैशाला काही तोटा नव्हता. पण पैसा असणं वेगळं आणि तो फोन कंपनीला देणं वेगळं!

"मग बोलणार कसे?" कोणीतरी विचारलं.

"वायफाय! तिथे हॉटेलात फुकट असतं. आणि रोमिंग लागू नये म्हणून मी काय केलं सांगू? सिमच काढलं! देव्हाऱ्यात ठेवलं, गावदेवीच्या टाकापुढे. सिमच नाय तर रोमिंग लागणार कुणाला?"

ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. नाथाची छाती टपरीच्या छपराला लागायची तेवढी बाकी होती.

आता यात अडचण एकच होती, आणि ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. नाथाची आई, रंगूबाई. पंचक्रोशीतली धवलारीण. हळदीच्या मांडवात देवांना धवला गाऊन बोलावणं हे तिचं काम. तिने हाक मारल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागायची नाही. पन्नास वर्षांत किती मांडव झाले याची तिला गणती नव्हती, पण नात्यातला एकही चुकलेला नव्हता. आणि दुबईची तिकिटं काढून, व्हिसे होऊन, बॅगांना लाल रिबिनी बांधून झाल्यावर आंबिवलीहून नाथाच्या बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीची, दर्शनाची हळद नेमकी हे दुबईत असतील त्या गुरुवारी! नवरामुलगा बोटीवर नोकरीला, त्याची सुट्टी पुढे सरकत नव्हती.

"तुम्ही जा दुबईला," रंगूबाई म्हणाली. "मी आंबिवलीला."

"आये, तिकीट फुकट जाईल!"

"मग नातीची हळद फुकट जाऊ दे?"

दर्शनाचा भाऊ मितेश हुशार. तो म्हणाला, "आजी, आत्ताच गा ना. मी रेकॉर्ड करून ठेवतो."

रंगूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने भर मांडवात चपला घालून देवाला हात लावला असावा. "आज हाक मारली तर देव आजच येतील. मांडव कुठाय? बसवशील कुठे त्यांना, तुझ्या बाईकवर?"

तेव्हा नाथाने छातीवर हात ठेवला. "आये, हळदीच्या वेळेला तुझा धवला दुबईतून आंबिवलीच्या मांडवात पोचवायची जबाबदारी माझी. थेट! आणि फुकट!"

रंगूबाई तयार झाली. पण विमानात बसेपर्यंत तीनदा म्हणाली, "नाथा, देव वाट बघतील हा."

दुबईच्या विमानतळावर सिमकार्डांची दुकानं ओळीने झगमगत होती. विकणाऱ्या मुली हसून हाका मारत होत्या. एकादशीला मासळीबाजारातून जावं तसा नाथा मान ताठ ठेवून त्यांच्यासमोरून गेला. मागून बायको लक्ष्मी हळूच म्हणाली, "अवो, एक घेऊन टाका ना. आयेच्या धवल्याचा प्रश्न आहे."

"लक्ष्मी, माणसाने डोकं वापरावं, सिम नाय!"

गुरुवार उजाडला. आंबिवलीत संध्याकाळी सातला हळद, म्हणजे इथे साडेपाच. पाचलाच रंगूबाई हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून हॉटेलच्या खालच्या दालनात सोफ्यावर बसली. नाथाने फोन काढला, वायफायवर बोट ठेवलं. स्क्रीन म्हणाला, तुमचा मोबाईल नंबर टाका, कोड पाठवतो.

नाथाने नंबर टाकला. कोड गेला. आणि नाथाच्या चेहऱ्यावरचा रंगही गेला.

"काय झालं?" लक्ष्मीने विचारलं.

"कोड सिमवर गेला."

"सिम कुठाय?"

"देव्हाऱ्यात."

लक्ष्मीने आकाशाकडे पाहिलं. तिथे हॉटेलचं झुंबर होतं. "म्हणजे कोड गावदेवीला आला! विचारा तिला, आकडा काय आहे ते!"

पाच वीस झाले. नाथा काउंटरकडे धावला. तिथल्या मल्याळी पोऱ्याला, म्हणजे पोऱ्या कसला, चांगला टाय लावलेला मॅनेजर होता, नाथाने डोंबिवलीच्या हिंदीत सगळं सांगितलं. भाची, हळद, आई, देव. त्याला निम्मंच समजलं असावं, पण 'आई' समजली. त्याने एका चिठ्ठीवर कोड लिहून दिला. "सर, ओन्ली थर्टी मिनिट्स. दिवसाला एकच."

"अरे, तीस मिनिटांत पाच हळदी होतील!"

नाथाने मितेशला व्हिडिओ कॉल लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. मॅनेजर लांबूनच म्हणाला, "सर, असा फुकटचा कॉल इथे चालत नाही. मेसेज चालतो."

पाच सत्तावीस! तिकडून मितेशचा मेसेज आला: मामा, नवरी पाटावर बसली. वर्तकनगरहून उष्टी हळद घेऊन नवऱ्याकडच्या बायका पण आल्या. आजी कुठाय? नवऱ्याच्या अंगाची उरलेली हळद घेऊन सासरकडच्या बायका दारात उभ्या, आणि इकडे देवांचं बोलावणंच अडलेलं!

पण नाथा तो नाथाच! त्याने व्हॉइस मेसेज पाठवायचं ठरवलं. "आये, इथे बटण दाबतो, तू गा. थोडं थोडं गा, तुकड्या-तुकड्याने पाठवतो."

"तुकडे?" रंगूबाईचा आवाज चढला. "धवला मधे मोडत नाय रे! मोडला तर देव अर्ध्या वाटेत उभे राहतात. मधल्याच स्टेशनात उतरवशील त्यांना?"

मग नाथाने बटण वर सरकवून कुलूप घातलं, म्हणजे बोट न ठेवताही रेकॉर्डिंग चालू राहतं. फोन सोफ्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "गा."

रंगूबाईने डोळे मिटले.

"पयलं बोलावनं गो, गणराजाला,
दुसरं बोलावनं गो, गावदेवीला,
तिसरं बोलावनं गो, खाडीचे पान्याला,
ये गो खाडीबाय, हलद भिजवाला..."

त्या थंडगार दालनात, संगमरवरावर, काचेच्या कारंज्याशेजारी उल्हासची खाडी येऊन बसली. भरतीचं पाणी, मिठागराचा पांढरा बांध, उंबऱ्यावरचा तांदूळ, सगळं त्या म्हाताऱ्या गळ्यातून एकेक करून आत येत होतं. बॅगा ओढणारे थांबले. लांब पांढऱ्या झग्यातला एक वृद्ध अरब छातीवर हात ठेवून उभा राहिला. लिफ्टचं दार उघडं राहिलं तरी आत कुणी जाईना. नाथाने हे सगळं पाहिलं आणि त्याला वाटलं, आपली आई म्हणजे आपली आई!

पंधरा मिनिटांनी शेवटचा देव मांडवात बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगूबाईने डोळे उघडले, पदराने ओठ पुसले आणि सुटकेचा श्वास टाकून ती बोलू लागली. बोलतच राहिली. नाथाही बोलला. लोक हात मिळवत होते, कुणी फोटो काढत होतं. पाच मिनिटांनी नाथाला आठवण झाली. त्याने पाठवायचं बटण दाबलं. एक खूण उमटली, दुसरी उमटली, आणि वायफाय बंद झालं.

"गेला!" नाथा ओरडला. "आये, धवला आंबिवलीत!"

अभिमानाने त्याला राहवेना. त्याने तेच रेकॉर्डिंग पुन्हा कानाला लावलं. धवला झाला. टाळ्या झाल्या. आणि मग फोनमधून रंगूबाईचा आवाज आला, स्वच्छ, ठसठशीत:

"झाला बाय एकदाचा. पन नाथा, वर्तकनगरवाले जरा चिकटच हा! साखरपुड्याचं मटन आठवतंय? नुसता रस्सा! नळी शोधायला होडी घालावी लागली असती!"

आणि त्यामागे नाथाचा आवाज: "आये, ते चिकट, पण आपण हुशार! सिम देव्हाऱ्यात ठेवून आलो, एक रुपया नाय लागला!"

नाथा सोफ्यावर बसला. बसला म्हणजे कोसळला.

"मितेशने काय ठरवलं होतं?" लक्ष्मीने विचारलं. आवाज इतका शांत की भीती वाटावी.

"फोन... डीजेला जोडणार होता."

आंबिवलीच्या हळदीचा डीजे म्हणजे घराएवढ्या स्पीकरच्या दोन भिंती! तो वाजला की टिटवाळ्याच्या खिडक्या थरथरतात. आणि समोर उष्टी हळद घेऊन उभ्या वर्तकनगरच्या बायका. त्यांच्या पुढे नवऱ्याची आजी, दगडाबाई, जिच्यापुढे त्यांच्या घरात पंखासुद्धा विचारून फिरतो!

"पुसून टाका मेसेज!"

"वायफाय नाय!"

"दुसरा कोड?"

"उद्या!"

"नाथा," रंगूबाई घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या तोंडाने पोरीचं लगीन मोडलं कं रे?"

तो आवाज ऐकला आणि नाथा पळत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट पुढे, चपला मागे. रस्त्यापलीकडच्या मॉलमध्ये सिमचं दुकान. "एक सिम! लवकर!"

"पासपोर्ट, सर?"

पासपोर्ट खोलीवर! नाथा वळला, तर मागे लक्ष्मी उभी. हातात पासपोर्ट. तिने तो काउंटरवर सरकवला.

"कुठला पॅक, सर? तीन दिवसांचा, सात दिवसांचा, का अमर्याद?"

"जो आधी चालू होईल तो!"

आधी चालू झाला तो सगळ्यात महागडा. त्या पैशांत रंगूबाईला आंबिवलीला विमानाने नेऊन आणता आलं असतं, फक्त तिथे विमान उतरत नाही एवढंच. नाथाने किंमत पाहिली नाही. फोन थरथरला आणि मितेशचे मेसेज धडाधडा पडू लागले.

मामा, धवला एक नंबर! सगळे रडले.

मामा, हे पुढे काय लागलंय?

मामा, डीजेवाल्याला बटणच सापडत नाय!

मामा, दगडाबाई उठल्या.

मामा, दगडाबाईंनी हळदीचं ताट खाली ठेवलं.

मामा, दगडाबाईंनी माईक मागितला.

पुढे काही नाही. फक्त एक आवाजी मेसेज. नाथाने तो लावायची हिंमत केली नाही. तोवर रंगूबाईही रस्ता ओलांडून मागोमाग आली होती; तिघं मॉलच्या बाकावर बसली. शेवटी रंगूबाईनेच बोट पुढे केलं. "दाबून टाक. जे असेल ते."

आधी शिट्ट्यांचा गोंगाट. मग एक जाडाभरडा, ठणठणीत गळा:

"विहीन गेली गो, दर्यापार गेली,
हलदीचे दिवशी गो, वालू बघाला,
तिचा नाथा भोईर गो, जाम हुशार,
सिम ठेवलंन गो, देव्हाऱ्यावर,
देवांचे कानी गो, रोमिंग वाजं,
नाथा फिरतंय गो, वायफाय मागं!"

मांडव फुटला. पाचशे माणसं हसत होती. शिव्या घालणाऱ्या विहिणींना गाण्यातूनच उत्तर द्यायचं ही तर हळदीची रीतच! दगडाबाईने मटणाचा टोमणा मनावर घेतला नव्हता, गाण्यावर घेतला होता. पाठोपाठ फोटो आला. पाटावर दर्शना, गालांपासून कोपरांपर्यंत पिवळीधमक, हसून डोळे मिटलेले, आणि तिच्या गालाला हळद लावणारा हात दगडाबाईचा.

रंगूबाई फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिली. डोळे पुसले. मग म्हणाली, "गळा जरा जाडा हाय बाईचा. पन चाल बरोबर हा!"

इकडे नाथाचं बोट थांबेना. ते गाणं त्याने भावकीच्या ग्रुपवर टाकलं, गाळेवाल्यांना टाकलं, ठाकुर्लीच्या चहावाल्याला टाकलं.

लक्ष्मीने कपाळाला हात लावला. "अवो, जगभर काय वाटताय? कंजूस बोलली ती तुम्हाला, पाचशे माणसांत!"

नाथाने फोनवरून नजरही न उचलता मिशीवर बोट फिरवलं.

"नाव घेऊन बोलली ना! आडनावासकट!"