लाव्हाच्या डोंगरावर धपाटे

दिवाळीच्या सुट्टीत उदगीरच्या विरूपाक्षप्पांनी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं, "दानम्मा, लोक इमानात बसून ज्वालामुखी बघायला जातात. मी तुला आपल्या लातूर जिल्ह्यातच दाखवतो. आधी खरोशाची लेणी, मग तोच डोंगर चढायचा. सगळा थिजलेला लाव्हा हाय." किराणा दुकान सांभाळून त्यांनी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले होते. त्यामुळं पृथ्वीच्या पोटातलं बरंच त्यांना ठाऊक होतं.

लेणी बघून झाली. झिजलेल्या मूर्तींच्या गालांवर कोवळं ऊन मायेनं हात फिरवत होतं. अर्धी चढण झाली, घाम पुसायला विरूपाक्षप्पांचा हात छातीवर गेला आणि तिथंच थबकला.

गळ्यात इष्टलिंग नव्हतं.

दीक्षेच्या दिवशी गुरूंनी तळहातावर ठेवलेलं, वडिलांच्या चांदीच्या डबीतलं लिंग. चाळीस वर्षं छातीशी नांदलेलं. आता ते सापडेपर्यंत लिंगायताला अन्नाचा कण न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. दानम्माला काय सांगायचं?

"बसा की आता," दानम्मा म्हणाली. "पिशवीत धपाटे हायत."

"आत्ता न्हाई," म्हणत त्यांनी पिशवी काखेत घट्ट धरली आणि वाकून पायवाट धुंडाळत उलटे उतरू लागले.

"अहो, काय शोधायलात?"

"लाव्हा."

नांदेडहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या पोरींनी ते ऐकलं. त्यांच्यातली रुद्राणी पुढं आली. "काका, तुम्ही अभ्यासक का? कसा असतो लाव्हा?"

विरूपाक्षप्पांच्या तोंडून मनातलंच निघालं, "काळा. गुळगुळीत. गोल. सुपारीपेक्षा थोडा मोठा."

झालं. पंधरा पोरी डोंगरावर पसरल्या. दर दोन मिनिटांनी कोणीतरी काळा दगड आणून पुढं धरायची. दर वेळी त्यांचं काळीज लख्खन उजळायचं आणि पणतीसारखं विझायचं. पुन्हा लेण्यात जाऊन त्यांनी खांबाखांबामागं बघितलं. पोरी मागं मागं, वह्या उघडून. एकीनं तर लिहूनही घेतलं, 'सर खांबाला कपाळ टेकवतात.'

दुपार कलली. ओठ सुकले. दानम्माही उपाशीच, नवऱ्याआधी जेवायची न्हाई म्हणून. शेवटी तिनं हिसका मारून पिशवी घेतली आणि उघडली.

धपाट्यांच्या डब्यावर, कोऱ्या पांढऱ्या दोऱ्यात, चांदीची डबी.

विरूपाक्षप्पा मटकन खाली बसले. "हे... हितं?"

"सकाळी पूजा झाली अन् तुमचा फोन वाजला. लिंग माझ्या हातात दिलंत. दोरा विरला होता, म्हणलं लातुरात नवा घेते अन् धपाट्यांवर ठेवते. जेवायच्या आधी तुमच्या हाती येईलच. तुम्ही मान डोलवून हाव म्हणालात."

तेव्हा ते फोनवर साडूला ज्वालामुखी समजावून देत होते.

डबी कपाळाला लावताना त्यांचे डोळे भरून आले. दानम्मानंच ती त्यांच्या गळ्यात बांधली आणि त्यांच्या आसवांनी ओला झालेला हात पदराला पुसला. मग दोघं जेवायला बसले.

तिसऱ्या धपाट्याला रुद्राणी धापा टाकत आली, ओंजळभर दगड घेऊन. "काका, ह्यातला कोणता लाव्हा? का मेंढ्यांच्या लेंड्या हायत ह्या?"

"हाव," विरूपाक्षप्पा तोंड भरून म्हणाले.

दानम्मानं लोणच्याची फोड त्यांच्या पुढ्यात सरकवली. "आता तरी ऐकलंत का, काय विचारलं ते?"

"हाव."